होल्डवर ठेवलेला स्पीकर

दुकानात आले की ते गिटार गळ्यात अडकवायचे आणि आधी स्पीकरच्या डोक्यावर तळहात ठेवायचे. पोराचा ताप बघावा तसा. मग मान खाली घालून डोळे मिटायचे, दुसऱ्या हातानं सगळ्यात जाड तार हलकेच छेडायचे आणि तिचा आवाज पार विरेपर्यंत तसेच उभे राहायचे. शेवटी डोळे उघडून म्हणायचे, "होल्ड."

झालं! आजही काही खपणार नाही, हे आम्ही समजून घ्यायचं.

माझं वाद्यांचं दुकान कासारवाडीत, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. ढोल, ताशे, पेट्या, गिटारी, माईक, स्पीकर, सगळं एकमेकांच्या अंगावर रचलेलं. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बाकीचं जग रविवारी जे करतं ते आम्ही गुरुवारी करतो. तेही गुरुवारीच येत. कुरुळीहून निघून, भोसरीला बस बदलून, पाठीवर गिटार आणि हातात कापडी पिशवी घेऊन. अंगात इस्त्रीचा शर्ट. माणूस देवळात निघालाय की दुकानात, असा प्रश्न पडावा.

पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं त्यांचं यंत्र असे. ताटाएवढं, वर पायानं दाबायची आणि हातानं फिरवायची बटणं. तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी गिटारवाल्याला कपाटाएवढा अ‍ॅम्प्लिफायर लागायचा. आता तसल्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरांच्या हुबेहूब नकला एका डब्यात भरून मिळतात. त्या डब्याला मॉडेलर म्हणतात. गिटारची वायर त्यात लावायची, हेडफोन कानाला लावायचा आणि दहा बाय दहाच्या खोलीत बसून मैदानात वाजवल्यासारखं ऐकायचं. दुसऱ्याला ऐकवायचं असेल तर मात्र स्पीकर हवा, ज्याच्या पोटातच ताकद आहे असा. आणि तो प्रामाणिक हवा. मॉडेलरनं दिलं तेवढंच बाहेर काढणारा, पदरचं काही न घालणारा.

इथंच घोडं अडायचं. आमच्याकडे खपणारे स्पीकर पदरचंच जास्त घालतात. हळद, वाढदिवस, मिरवणूक यांसाठी गिऱ्हाईक येतं, स्पीकरसमोर उभं राहतं, छातीत धडधडलं की पास. त्याच स्पीकरला गिटार लावली की ती पिंपात पडून हाका मारतेय असं वाटतं. मी कंपन्यांच्या मागे लागून यांच्यासाठी निरनिराळे स्पीकर मागवायचो, आणि ते एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला होल्डवर टाकायचे.

हा होल्ड त्यांच्या नोकरीतून आलेला. चाकणच्या एका कंपनीत ते तपासणीच्या टेबलावर होते. दाबून काढलेले पत्र्याचे भाग समोर यायचे. चांगला असेल त्याला हिरवा टॅग, टाकाऊ असेल त्याला लाल आणि शंका असेल त्याला पिवळा. पिवळा म्हणजे होल्ड, अजून पास नाही आणि नापासही नाही. या पिवळ्या टॅगांचा एक गठ्ठा त्यांच्या खिशात कायम असायचा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. समोरच्या गाडीवरचा चहा पाणचट वाटला की कपाच्या कानाला टॅग लावून परत पाठवायचे. चहावाला हसायचा आणि मुकाट्यानं दुसरा करून द्यायचा. मुलीला उदगीरचं स्थळ आलं तेव्हा मी विचारलं, मुलगा कसा वाटला? "होल्डवर ठेवलाय." वर्षभर ठेवला. शेवटी मुलगीच म्हणाली, बाबा, आता टॅग काढा. तेव्हा काढला, आणि लग्नात जेवायला मीही गेलो होतो.

आमच्या दुकानातल्या एका काळ्या, बुटक्या स्पीकरला त्यांनी असाच टॅग लावून ठेवला होता. एकदा दुसरं गिऱ्हाईक तो मागू लागलं म्हणून मी टॅग काढून बाजूला ठेवला. पुढच्या गुरुवारी त्यांनी ते बघितलं आणि एवढा शांत माणूस, पण आवाज चढला.

"मालक, ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

"अहो, ही काय तुमची कंपनी आहे का?"

"कुठं बी असू द्या. शंका ज्याला आली, त्याचं समाधान झाल्याबिगर माल पुढं जात न्हाई."

मी निमूटपणे टॅग परत लावला. स्पीकर माझा, दुकान माझं, आणि हुकूम यांचा! पण त्यांच्यावर रागावता यायचं नाही, हे खरं.

आमच्या दुकानात त्यांची आणखी एक तऱ्हा होती. सगळे गिटारवाले उभं राहून ऐकतात. हे म्हणायचे, "मालक, जरा खाली बसा की."

"खाली कशाला?"

"बसा तर. तिकडं भिंतीला टेकून. तुम्ही भाजी निवडायलात असं समजा."

आता मी दुकानाचा मालक. चार गिऱ्हाइकं आत असताना फरशीवर मांडी घालून बसायचो. हातात निवडायला भाजी नाही म्हणून कसलं तरी माहितीपत्रक चाळायचो. ते एक चाल वाजवायचे, नेहमी तीच, संथ, आवाज अगदी बारीक ठेवून. आणि मधेच विचारायचे, "काय ऐकू येतंय? निवडता निवडता मान वर करावी वाटली का?"

नाही वाटली, असं सांगितलं की होल्ड.

हे भाजीचं काय प्रकरण आहे ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका गुरुवारी दुकानात कुणी नव्हतं, दोघं चहा पीत बसलो होतो आणि मी चिडवलं, "राव, एवढं कुणाला ऐकवायचंय? ऑर्केस्ट्रा काढताय का?"

"तिला," ते म्हणाले.

तिला म्हणजे बायकोला. लग्न झालं तेव्हापासून ते गिटार वाजवत होते, आणि तिनं ती कधी ऐकलेलीच नव्हती. ऐकलं होतं ते नुसतं तारांवर नखं वाजल्यासारखं. कारण कुरुळीतली त्यांची बिल्डिंग. सगळे भाडेकरू कंपन्यांतले, तिन्ही शिफ्टचे. सकाळी पहिली पाळी निघते तेव्हा रात्रपाळी येऊन आडवी होते. भिंती एका विटेच्या. दिवसाच्या कुठल्याही वेळी तिथं कुणीतरी झोपलेलंच असतं. त्यामुळे जिन्यात चप्पल वाजवायची नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, फोनवर बोलायचं ते गच्चीत जाऊन, हे तिथल्या बायकापोरांना कुणी शिकवावं लागत नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही, बस्स. अशा घरात हा माणूस हेडफोन लावून बसायचा आणि शेजारी ती भाजी निवडायची.

"मग तिच्या कानाला लावा की हेडफोन."

"तिचा कान वाहतो लहानपणापासून. डॉक्टरनी काय लावू नका म्हणून सांगितलंय. तरी एकदा लावून बघितला, तर डोकं धरून बसली."

मग त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. करंगळीचं टोक नव्हतं. इतके गुरुवार मी त्या हाताकडे बघत होतो आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरुणपणी ते पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. रात्रपाळी करून आलेले, आणि दिवसभर शेजारी कुणाकडे तरी टेप मोठ्यानं चालू. डोळ्याला डोळा लागला नाही. रात्री मशीनवर उभे राहिले आणि डुलकी आली. नंतर कंपनीनं तपासणीच्या टेबलावर बसवलं.

"माझ्या वाजवण्यापायी कुणाचं बोट जायला नको, मालक," ते म्हणाले. "म्हणून असा स्पीकर पाहिजे की बारीक वाजला तरी तिला भरून आलं पाहिजे, अन् भिंतीपल्याड जाता कामा नये."

त्यानंतर मी फरशीवर कुरकुर न करता बसू लागलो.

एकदा त्यांनी वहिनींनाच दुकानात आणलं. श्रावणातला गुरुवार, नको तेव्हा नेमकी गर्दी. ढोल पथकाची पोरं ढोल ठोकून बघत होती, एका मंडळाचे कार्यकर्ते मोठ्या स्पीकरसमोर छाती काढून उभे होते. ह्यांनी तो टॅगवाला बुटका स्पीकर कोपऱ्यात लावला, वहिनींना खाली बसवलं. लग्नात अंतरपाट धरल्यावर नवरदेव उभा राहावा तसे हे अवघडून उभे. चाल सुरू केली आणि तिकडे कार्यकर्त्यांनी धडधड चालू केली. वहिनींनी पदर कानावर दाबला. हे वाजवत राहिले, चुकले, परत सुरू केलं, परत चुकले. शेवटी वायर काढली.

"ह्यांचं कुठलं अन् त्यांचं कुठलं, मला काय कळंना बघा," वहिनी बाहेर पायरीवर येऊन मला म्हणाल्या. त्या हसत होत्या. "घरी तर निस्ती टिकटिक. इथं निस्ती धडधड. ह्यांच्या गिटारीचा अन् माझा योगच न्हाई."

ते मागे उभे होते. खाली मान घालून यंत्र टॉवेलात गुंडाळत होते. मला फार वाईट वाटलं. त्या कार्यकर्त्यांना मी त्या दिवशी स्पीकर विकलाही, पण चहा विचारला नाही.

पुढच्या खेपेला मी त्यांना स्पष्टच सांगितलं. "राव, स्पीकरात खोट नाही. तुम्ही तुमचा आवाज इतकी वर्षं हेडफोनवर घडवलाय. कानाला चिकटून जे गोड लागतं ते हवेत येऊन तसंच कसं लागेल? आता स्पीकर बदलू नका, आवाज बदला. ह्या स्पीकरवर, बारीक ठेवून, परत पहिल्यापासून बसवा."

त्यांना ते लागलं असावं. टॅगचा दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे साचाच बदलायचा."

गणपतीच्या दिवसांत, बाहेर मिरवणुका चाललेल्या असताना, हा माणूस माझ्या मागच्या गोदामात दार लावून बसायचा. मी खाली, पाठ भिंतीला, हातात माहितीपत्रक. ते यंत्राचं एखादं बटण केसभर फिरवायचे, चाल वाजवायचे, माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. परत फिरवायचे. आणि एका दिवशी, खरं सांगतो, मी पत्रक वाचत होतो आणि माझी मान आपोआप वर झाली. आवाज होता कुजबुजण्याएवढा, पण अंगावर शाल घातल्यासारखा सगळीकडून आला.

त्यांनी वाजवणं थांबवलं. "मान वर झाली," ते म्हणाले.

"झाली. आता काढा तो टॅग."

"तिची व्हायची हाय अजून."

पितृपक्ष लागला होता. नवीन वस्तू घरात न्यायची नाही म्हणून वहिनी काही बोलतील की काय, अशी मला शंका. पण त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "नवीन कुठं घेतलाय? टॅग लावलेलाच हाय की. होल्डवर घेऊन चाललोय." रिक्षात स्पीकर मांडीवर घेऊन बसले. वाजवून दाखवायचा मुहूर्त दसऱ्याचा ठरला होता. त्या दिवशी झाडून सगळ्या कंपन्या बंद. आदल्या दिवशी खंडेनवमीला मशिनींची पूजा होते, त्यांना हार घालून लोक घरी येतात, आणि दसऱ्याच्या दुपारी त्या बिल्डिंगमध्ये एकही माणूस झोपलेला नसतो. गुरुवारी सुट्टी असली तरी बुधवारची रात्रपाळी झोपलेली असते; वर्षातली अशी तेवढीच एक दुपार.

"ती स्वयंपाक करत असंल," ते रिक्षातून म्हणाले. "सांगणारच न्हाई. निस्तं सुरू करणार."

दसरा त्यांना दिसला नाही.

सांगायला त्यांच्या शेजारच्या खोलीतला तरुण आला होता. दोघं एकाच कंपनीत, एकाच पाळीला. दुकानाच्या दारात उभा राहिला, आत येईना. मी हाताला धरून बसवला. दुसरी पाळी होती. चहाच्या सुट्टीत त्यांनी टेबलावर हात ठेवले आणि हातांवर डोकं टेकलं.

"आम्हाला वाटलं, डोळा लागला काकांचा," तो म्हणाला. "कधी डुलकी काढत नाहीत, म्हटलं दमले असतील. मीच सगळ्यांना सांगितलं, झोपू द्या, उठवू नका. चहाचे पेले पण आम्ही हळू ठेवले हो. सुट्टी संपली तरी त्यांच्या टेबलाचा माल मी माझ्याकडे ओढला. हळूहळू, आवाज न करता."

काय सांगणार त्याला? डॉक्टर म्हणाले होते, सगळं एका क्षणात झालं, लगेच उठवलं असतं तरी उपयोग नव्हता. ते मी त्याला दोनदा ऐकवलं. त्याच्या डोक्यात शिरलं की नाही, कोण जाणे. त्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसानं दुसरं काय केलं असतं?

दसऱ्याला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक वाद्यांना हार घालत होते, पेढे वाटत होते. दुपारी कुरुळीतली ती जागी बिल्डिंग डोळ्यापुढे आली आणि मी गोदामात जाऊन रडलो. गिऱ्हाइकांना बाहेर थांबायला लावून रडलो.

दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला. खोली रिकामी करून त्या मुलीकडे उदगीरला चालल्या होत्या. "तुमचा स्पीकरचा डबा हाय की इथं. घेऊन जा." मी गेलो. जिन्यात चपला हातात घेतल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. खोलीत बांधलेली गाठोडी आणि कोपऱ्यात चादरीखाली स्पीकर. त्याचा पिवळा टॅग चादरीबाहेर आलेला. वर खिळ्याला गिटार.

"हे इतकी वर्षं कानात काय ऐकत बसायचे हो?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही तर ऐकलंय."

ते सांगून कळणारं नव्हतं. मग मीच यंत्र टॉवेलातून काढलं, वायरी जोडल्या. गोदामात त्यांनी बटणं शेवटी जिथं आणून ठेवली होती, तो आवाज यंत्रात जसाच्या तसा होता. वाजवणारा गेला, तरी त्याचा आवाज त्यात राहतो. वहिनी गॅसजवळ, त्यांच्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मला कुठं येतंय?"

"नुसती वरची जाड तार ओढा."

त्यांनी हात पदराला पुसला. तवा तापलाय का बघावा तसं बोट लावून झटकन मागे घेतलं.

तोच आवाज आला. बारीक, आणि तरी खोलीच्या चारही कोपऱ्यांतून. गाठोड्यांवरून, रिकाम्या फळीवरून तो किती तरी वेळ फिरत राहिला. वहिनींची मान वर झाली. तोंड उघडं तसंच राहिलं.

"एवढं मोठं होतं होय हे?" त्या म्हणाल्या. "मी आपली म्हणायचे, काय ती टिकटिक लावलीय..."

दार वाजलं नाही, नुसतं ढकललं गेलं. शेजारचा तो तरुण, रात्रपाळी करून आलेला, डोळे सुजलेले. वहिनींनी घाईघाईनं तारांवर तळवा दाबला.

"उठलास का रे? बंद करते बाबा, झोप तू."

"नको काकू," तो म्हणाला आणि उंबऱ्यातच खाली बसला. "वाजवा. जागाच आहे मी."

त्यांनी परत तार ओढली. परत ओढली. आम्ही तिघंही रडत होतो आणि कुणीच ते लपवत नव्हतं. भिंतीपलीकडे कुणी कूस बदलल्याचासुद्धा आवाज आला नाही. त्यांनी सगळं बरोबर बसवलं होतं.

निघताना मी म्हटलं, "वहिनी, गिटार आणि यंत्राबरोबर हा स्पीकरही न्या. माझ्याकडून समजा." त्यांनी स्पीकरच्या डोक्यावर हात ठेवला. टॅगचा दोरा बोटात धरला, आणि सोडून दिला.

"नको. पास कुठं केलाय त्यांनी अजून?" त्या म्हणाल्या. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतोय. तुमच्याकडंच राहू द्या."

तो आता माझ्या दुकानात, त्याच कोपऱ्यात आहे. परवा एका गिऱ्हाइकाला तो भारी आवडला. हा द्या म्हणाला. मी म्हटलं, तो होल्डवर आहे. कुणी ठेवलाय, मी बोलतो त्यांच्याशी, असं तो म्हणाला, आणि मी हातातलं काम करता करता सांगून गेलो, "येतील की गुरुवारी."